डॅशहंडचे निरोगी पिल्लू निवडताना नेमके काय पाहावे?

लोकमान्यनगरकर

नमस्कार. आम्ही इंदूरला लोकमान्यनगरात राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघे आणि १० वर्षांची मुलगी आहे. आमची गावठी कुत्री १४ वर्षांची होऊन गेल्या चैत्रात गेली आणि तेव्हापासून घर फार सुने झाले आहे. सासऱ्यांचे बालपण महूच्या छावणीत गेले. तिथे शेजारच्या लष्करी अधिकाऱ्यांकडे एक तपकिरी डॅशहंड (लांब पाठीचा, आखूड पायांचा कुत्रा) होता आणि त्याच्या आठवणी ते आजही सांगतात. म्हणून या वेळी डॅशहंडच आणायचा असे सर्वांनी ठरवले आहे.

सध्या दोन ठिकाणी बोलणे झाले आहे. इंदुरातल्या एका विक्रेत्याकडे ५ आठवड्यांचे पिल्लू लगेच मिळते आहे. तो त्याला ‘टॉय डॅशहंड’ म्हणतो, रंग निळसर ठिपक्यांचा आणि दुर्मीळ असल्याचे सांगतो, कागदपत्रे मागाहून देणार आहे आणि पिल्लू चौकात गाडीतून आणून दाखवायला तयार आहे. दुसरे गृहस्थ पुण्याजवळ राहतात. त्यांची कुत्री महिनाभरात विणार आहे. आम्ही त्यांना जितके प्रश्न विचारले त्याच्या दुप्पट त्यांनी आम्हाला विचारले आणि ८ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय पिल्लू देणार नाही असे स्पष्ट सांगितले.

पिल्लू हातात घेतल्यावर ते अस्सल आणि निरोगी आहे हे आमच्यासारख्यांनी कसे ओळखावे? या जातीला पाठीचे दुखणे होते असे ऐकून आहे, त्यामुळे मनात धास्ती आहे.

रामबाग

पिल्लाची आई त्याच्या राहत्या जागी पाहिल्याशिवाय पिल्लाला हातसुद्धा लावू नका. एकदा हातात घेतले की परत ठेववत नाही.

महूकर

मी निवृत्त पशुवैद्य आहे. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि पुढची बहुतेक नोकरीही माळव्यातच झाली. आपल्या प्रश्नाचे दोन भाग करावे लागतील, कारण पिल्लू हातात घेतल्यावर काही गोष्टी कळतात आणि आपल्याला जिची सर्वांत जास्त काळजी आहे तीच नेमकी कळत नाही.

जे कळते ते आधी सांगतो. डोळे आणि नाक कोरडे व स्वच्छ असावेत, हिरड्या गुलाबी असाव्यात, शेपटीखाली जुलाबाचे डाग नसावेत. अंग सडपातळ आणि पोट मात्र नगाऱ्यासारखे फुगलेले असेल तर बहुधा जंत आहेत. बेंबीपाशी मऊ गाठ लागते का ते पाहावे, कारण तो हर्निया असू शकतो. ओठ वर करून दात पाहावेत. वरचे पुढचे दात खालच्या दातांवर कात्रीसारखे अगदी लागून बसले पाहिजेत. नर असेल तर ८ आठवड्यांच्या सुमारास दोन्ही वृषणे खाली उतरलेली असावीत. शेपटीवरून हलकेच बोट फिरवले असता मध्ये कुठे मोड लागू नये. छातीचे हाड पुढे आलेले दिसेल, पण ते या जातीत स्वाभाविक आहे, त्याला घाबरू नये. शेवटी पिल्लाला गुळगुळीत फरशीऐवजी सतरंजीवर सोडावे आणि मागून चालताना पाहावे. मागचे पाय सरळ पडतात की एकमेकांत अडखळतात, नखे घासली जातात का, हे पाच मिनिटांत दिसून येते.

आता जे कळत नाही त्याविषयी. डॅशहंडचे आखूड पाय हा एका जनुकीय बदलाचा परिणाम आहे. तशाच दुसऱ्या एका बदलामुळे या जातीत मणक्यांमधल्या चकत्या तरुणपणीच कडक होऊ लागतात. पुढे अशी चकती फाटून तिच्यातला गर मज्जारज्जूवर दाबला जातो. साधारणपणे दर चार-पाच डॅशहंडांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो आणि तो बहुधा तिसऱ्या ते सातव्या वर्षाच्या दरम्यान उद्भवतो. म्हणजे ८ आठवड्यांच्या पिल्लाची पाठ कितीही चाचपली तरी तिच्यात पुढचे दुखणे सापडणार नाही. ते शोधायचे असेल तर आई, बाप, आजी आणि आधीच्या वेतातली भावंडे यांच्या पाठींचा इतिहास विचारावा लागतो.

पलाशिया

सरांच्या उत्तराला एक पुरवणी जोडते. ५ आठवड्यांचे पिल्लू विकणे नियमातही बसत नाही. कुत्र्यांचे प्रजनन आणि विक्री यांविषयी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. त्यांनुसार ब्रीडरने, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते आणि ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. नोंदणी क्रमांक मागून पाहा. चौकात पिल्लू आणणारा माणूस त्यावर काय म्हणतो, त्यावरूनच पुष्कळ समजेल.

नियम बाजूला ठेवला तरी पाचव्या आठवड्यात पिल्लू आईपासून तोडणे वाईटच. ज्या वयात ते भावंडांशी खेळताना किती जोरात चावल्यावर समोरचा ओरडतो हे शिकत असते, त्याच वयात त्याला एकटे पाडले जाते. अशी पिल्ले पुढे चावरी आणि भित्री निघालेली मी दोन घरांत पाहिली आहेत. डॅशहंड मुळातच हट्टी आणि धीट असतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते.

मांडवीकर

मी बडोद्याचा. लिहायला जड जाते आहे, पण या धाग्यावर हे लिहिणे माझे कर्तव्य आहे असे मला वाटते.

आमचा डॅशहंड आम्ही फोटो पाहून घेतला होता. आईबाप पाहिले नाहीत, विचारलेही नाही. ५ वर्षे तो अत्यंत आनंदात होता. एके दिवशी संध्याकाळी तो दिवाणावरून खाली उडी मारून उतरला आणि कोपऱ्यात जाऊन थरथरत बसला. उचलायला गेलो तर आयुष्यात पहिल्यांदा गुरगुरला. आम्हाला वाटले पोट दुखत असेल. सकाळी मागचे पाय ओढत चालू लागला. जिथे नेले तिथे तेलाने मालिश करा आणि थोडे चालवा असे सांगण्यात आले आणि आम्ही दोन दिवस ते निष्ठेने केले. तिसऱ्या दिवशी मागच्या पायाच्या बोटाला चिमटा काढला तरी त्याला कळत नव्हते. शस्त्रक्रियेसाठी बाहेरगावी नेईपर्यंत फार उशीर झाला होता. पुढची चार वर्षे तो चाकांच्या गाडीवर चालला. दिवसातून तीन-चार वेळा त्याचे मूत्राशय हाताने दाबून रिकामे करावे लागे आणि ते काम माझ्या आईने शेवटपर्यंत कुरकूर न करता केले.

मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. मागचे पाय लटपटू लागले तर त्याच तासाला कुत्र्याला लहान जागेत हालचाल न करता ठेवावे, मालिश अजिबात करू नये आणि घरातली माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नये. दुसरी गोष्ट अशी की, पुढे चौकशी केल्यावर त्याच वेतातले आणखी एक पिल्लू याच दुखण्याने गेल्याचे समजले. विक्रेत्याला ते आधीच माहीत होते, पण मी विचारले नव्हते आणि त्याने सांगितले नव्हते.

लोकमान्यनगरकर

मांडवीकर दादा, आपले लिखाण मी घरात मोठ्याने वाचून दाखवले. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. विक्रेत्याला मी आजच नकार कळवते आहे.

लष्करची_सून

मी ग्वाल्हेरहून लिहिते आहे. माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते राग न मानता ऐकावे ही विनंती. ज्या जातीत चार-पाचातल्या एकाला असे दुखणे होते, ती जात आपण हौसेखातर का वाढवावी? आपल्या गल्लीतली गावठी पिल्ले निरोगी, हुशार आणि इथल्या उन्हाला सरावलेली असतात. तुमच्या घरी तर १४ वर्षे अशीच कुत्री नांदली आहे.

लोकमान्यनगरकर

ताई, राग मुळीच नाही. हाच प्रश्न मी स्वतःला विचारला. आमच्या गल्लीतल्या दोन कुत्र्यांचे लसीकरण आणि नसबंदी आम्हीच करून घेतली आहे आणि ते काम पुढेही चालू राहील. परंतु सासरे आता ७६ वर्षांचे आहेत. त्यांना मांडीवर घेता येईल असे कुत्रे हवे आहे आणि ही आठवण त्यांच्या मनात ६५ वर्षे टिकून आहे. ती मोडून काढण्याचा अधिकार मला नाही असे वाटते.

महूकर

लष्करच्या ताईंचा मुद्दा रास्त आहे. म्हणूनच डॅशहंड घ्यायचा असेल तर ज्यांनी पाठीचा विचार करून जोडी लावली आहे त्यांच्याकडूनच घ्यावा. मागणी जिकडे वळते तिकडे प्रजनन वळते, हे मी चाळीस वर्षे पाहत आलो आहे.

खासगीवाला

मला हे सर्व जरा अति वाटते. कुत्र्यांच्या वंशाची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद आणि मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) पाहावी, तीन पिढ्यांची नावे वाचावीत आणि पिल्लू घ्यावे. शुद्ध वंशाचे प्रमाणपत्र असताना आणखी काय हवे?

महूकर

खासगीवाला साहेब, ते कागद अवश्य पाहावेत, कारण वंश कोणता हे त्यांवरूनच कळते. मात्र वंश शुद्ध असणे आणि पाठ सुदृढ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या कागदावर पणजोबाचे नाव असते, पणजोबाला चाकांची गाडी लागली होती की नाही हे नसते. उलट त्या नावांचा खरा उपयोग असा की, ती नावे घेऊन आपण त्या कुत्र्यांच्या मालकांपर्यंत पोहोचू शकतो. एकच नाव आईच्या आणि बापाच्या अशा दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा येते का, हेही पाहावे. तसे असेल तर ते जवळच्या नात्यातले प्रजनन आहे.

अनुस्वार

सर, परदेशात आईबापांच्या पाठीचे एक्स-रे काढतात असे वाचले होते. ते आपल्याकडे शक्य आहे का? आणि जनुकीय चाचणीने हे कळत नाही का?

महूकर

स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंड या देशांत ही पद्धत रूढ आहे. प्रजननाच्या कुत्र्याचे वय २४ ते ४८ महिने असताना त्याच्या संपूर्ण मणक्याचा एक्स-रे काढतात आणि कडक झालेल्या चकत्या मोजतात. ब्रिटनमध्येही ही मोजणी होते. एकही नसेल तर उत्तम, एक-दोन असतील तर चांगले आणि पाच किंवा त्याहून अधिक असतील तर त्या कुत्र्यापासून पिल्ले घेऊ नयेत असा तिथला संकेत आहे. एक्स-रे यंत्र आपल्याकडेही मोठ्या शहरांत आहे. त्यासाठी मालकाची इच्छा हवी आणि फिल्म वाचणारा जाणकार हवा. गाभण कुत्रीचा मात्र यासाठी एक्स-रे काढू नये.

जनुकीय चाचणीचे म्हणाल, तर चकत्यांशी संबंधित तो बदल जवळजवळ सर्वच डॅशहंडांत दोन्ही बाजूंनी आलेला असतो. त्यामुळे या जातीत त्या चाचणीने एकाला दुसऱ्यापासून वेगळे करता येत नाही. डोळ्यांच्या पडद्याचा जो आनुवंशिक आजार मिनिएचर म्हणजे लहान आकाराच्या डॅशहंडांत आढळतो, त्याची चाचणी मात्र उपयोगी ठरते. तारेसारखे केस असलेल्या मिनिएचरमध्ये लाफोरा नावाचा फेफऱ्याचा आजार असतो आणि त्याचीही चाचणी होते.

‘टॉय’ या शब्दाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून सांगतो. आंतरराष्ट्रीय मानकात डॅशहंडचे तीनच आकार आहेत : स्टँडर्ड, मिनिएचर आणि कानिंखेन म्हणजे सशाच्या बिळात शिरणारा. ते छातीच्या घेरावरून ठरतात आणि तो घेर किमान १५ महिन्यांच्या वयाला मोजतात. ५ आठवड्यांच्या पिल्लाला कोणी खात्रीने ‘टॉय’ म्हणत असेल तर ते केवळ विक्रीचे बोलणे आहे.

पलाशिया

आणि तो दुर्मीळ रंग? ठिपकेदार रंगाला डॅपल म्हणतात. आई आणि बाप दोघेही डॅपल असतील तर सरासरीने चारातल्या एका पिल्लाला तो जनुक दोन्हींकडून मिळतो आणि अशी पिल्ले बहिरी, आंधळी किंवा डोळेच पुरते न वाढलेली जन्मू शकतात. निळसर छटेच्या कुत्र्यांचे केस पुढे झडून त्वचा उघडी पडण्याचाही धोका असतो. रंगासाठी जास्त पैसे मागणारा माणूस आपल्याकडून आजाराचे पैसे घेत असतो. माझ्या मते या जातीत लालसर तपकिरी किंवा काळा-तांबूस हे जुनेच रंग मागावेत.

अनुस्वार

नावाचा उलगडाही इथे उपयोगी पडेल. जर्मन भाषेत ‘डाक्स’ म्हणजे बिज्जूसारखा बिळात राहणारा प्राणी आणि ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. जर्मनीतला या जातीचा क्लब १८८८ पासूनचा आहे आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचे शुभचिन्ह वाल्डी हा डॅशहंडच होता. हे सांगण्याचे कारण असे की, बिळात शिरून भक्ष्याशी एकटे झुंजणारा हा कुत्रा आहे. जुन्या शिकारी कुत्र्यांची छायाचित्रे पाहिली तर पोट जमिनीपासून बरेच वर दिसते. आज काही ठिकाणी अतिलांब पाठ आणि जमिनीला टेकणारे पोट यांनाच सौंदर्य समजतात. आईबाप पाहताना हेही पाहावे. चालताना पोट घासत असेल तर ते पिल्लू घेऊ नये.

रामबाग

आम्ही मागच्या वर्षी घेतले तेव्हा सहा पिल्लांतून निवड करायची होती. अंगावर पहिल्यांदा धावून आलेले पिल्लू मुलांना हवे होते. ब्रीडर बाईंनीच समजावले की ज्यांच्या घरी वयस्कर माणसे आहेत त्यांनी सर्वांत दांडगे घेऊ नये आणि कोपऱ्यात दडून बसलेलेही घेऊ नये. भांडे पडल्याचा आवाज झाल्यावर दचकून मागे सरणारे, पण थोड्याच वेळात वास घेत परत येणारे पिल्लू त्यांनी आम्हाला दिले. त्यांची निवड आमच्यापेक्षा चांगली निघाली.

मांडवीकर

रामबाग ताईंशी सहमत आहे. आठ आठवडे रात्रंदिवस पाहणाऱ्याला जे दिसते, ते आपल्याला अर्ध्या तासात दिसत नाही.

लोकमान्यनगरकर

सर्वांना नमस्कार. तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे. आम्ही दोघे आणि सासरे पुण्याजवळ जाऊन आलो.

ते गृहस्थ कुत्री घरातच ठेवतात. गाभण कुत्री चार वर्षांची आहे आणि हे तिचे दुसरे वेत आहे. तिची आई १० वर्षांची असून आमच्यासमोर अंगणभर हिंडत होती. जागा स्वच्छ होती आणि लसीकरणाच्या पुस्तिका व नोंदणीचे कागद न मागता समोर ठेवले गेले. सर्व मनासारखे होते. मग मी मांडवीकर दादांचा प्रश्न विचारला. क्षणभर थांबून त्यांनी सांगितले की, याच कुत्रीच्या पहिल्या वेतातल्या एका नराला तिसऱ्या वर्षी पाठीचा झटका आला होता. तो विश्रांतीने बरा झाला. या वेळचा बाप मात्र वेगळा आहे.

माणूस खरा आहे याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही. तरीही पिल्लू घ्यावे की नाही, हे मला ठरवता येत नाही. सासरे तर त्या कुत्रीला मांडीवर घेऊनच बसले होते.

खासगीवाला

मी आधी जे लिहिले ते मागे घेतो. हे त्यांच्या कागदावर कधीच दिसले नसते.

रामबाग

माझ्या मते घ्यावे. इतके खरे सांगणारा माणूस पुन्हा कुठे शोधणार? पुढे काही झाले तर तो पाठीशी उभा राहील.

महूकर

रामबाग ताई, माणूस घट्ट धरावा, पण हे वेत सोडावे असे माझे मत आहे. तिसऱ्या वर्षी झटका येणे म्हणजे लवकर येणे होय आणि त्या वेळी आईचा वाटा होताच. त्यांच्याकडे दुसरी कुत्री आहे का ते विचारा आणि पुढच्या जोडीआधी दोघांचेही एक्स-रे काढायला ते तयार आहेत का तेही विचारा. खर्चाचा काही भाग आपण उचलू असे सुचवायला हरकत नाही.

लोकमान्यनगरकर

सर, काल त्यांच्याशी बोलले. त्यांच्याकडे या कुत्रीशी नाते नसलेली अडीच वर्षांची दुसरी कुत्री आहे आणि ती साधारण श्रावणात माजावर येईल. एक्स-रेला ते तयार झाले. एवढेच नव्हे, तर आताच्या कुत्रीचे यापुढे वेत घेणार नाही असेही त्यांनी स्वतःहून सांगितले. सर्व ठीक झाले तर पिल्लू घरी यायला पौष-माघ उजाडेल. त्यामुळे दिवाळीच्या फटाक्यांतूनही ते आपोआप सुटेल. मुलगी थोडी हिरमुसली, पण सासऱ्यांनी तिला सांगितले की मी ६५ वर्षे थांबलो, आपण दोघे मिळून आणखी सहा-सात महिने थांबू.

तोवर घराची तयारी करायची आहे. आमचा दिवाण १८ इंच उंच आहे. सासरे सुताराला बोलावून चढ-उताराची फळी करून घेणार आहेत. ती किती लांब असावी?

महूकर

१८ इंचांसाठी साडेचार फुटांपेक्षा आखूड नको, पाच फूट असेल तर अधिक चांगले. त्यावर खरखरीत पायपुसण्याचे कापड ठोकून घ्यावे, म्हणजे नखे घसरणार नाहीत. दोन्ही कडांना दोन बोटे उंचीची पट्टी असावी. जिन्याला मात्र फळी नको. तिथे दार लावावे आणि एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली घेऊन पाठ आडवी राहील असे उचलून न्यावे. हे मुलीला आताच शिकवून ठेवा.

मांडवीकर

आमच्याकडची फळी अजून माळ्यावर आहे. पाच फुटांची आहे, कडांना पट्टीही आहे. पुढच्या महिन्यात मी इंदूरला भाचीच्या लग्नाला येणार आहे, तेव्हा गाडीतून घेऊन येतो. सुताराला बोलावू नका.